वातींचा कापूस आणि सातवी पेशी

माशी या प्राण्याबद्दल आमच्या घरात दोन मतं कधीच नव्हती. आमच्या ह्यांचं पाटसला हायवेच्या कडेला जिलबी-भजीचं हॉटेल आहे. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मळीच्या वासावर अख्ख्या तालुक्यातल्या माश्या इकडं येतात, आणि कारखान्यात चहापाण्याची सोय नसल्यासारख्या आमच्या काउंटरवर बसतात. हे एका हातानं जिलबी पाडतात आणि दुसऱ्या हातानं फडकं फिरवतात. मला बघायला आले होते, तेव्हासुद्धा पोह्यांच्या बशीवरून सारखा हात हलवत होते. मला वाटलं, मुलगा मला काहीतरी खुणावतोय. मी लाजले, खाली बघितलं, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी माझा होकार गृहीत धरला. माशी होती हे मला पुढं संसारात कळलं.

गेल्या वर्षी ह्यांनी तो जांभळा दिवा आणला. जाळीच्या आत जांभळी नळी असते, माशी उजेडाला भुलून जाते आणि चट् असा आवाज होतो. तो दिवा आल्यापासून हे रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. लोक टीव्ही बघतात, हे ते बघतात.

अशा घरात माझी भाची माश्या घेऊन राहायला आली.

ती माझ्या भावाची मुलगी. भाऊ शिरूरला असतो. पोरगी पुण्यात एम. एस्सी. शिकते आणि तिचा प्रोजेक्ट माशीच्या डोळ्यावर आहे. ही घरमाशी नव्हे. केळी जरा जास्त पिकली की त्यावर घोंगावतं ते चिलट. तिच्या भावाला नुकताच मुलगा झाला होता आणि त्याचं बारसं सूनबाईच्या माहेरी, खुटबावला होतं. त्याच आठवड्यात कॉलेजातलं माश्या ठेवायचं कपाट बिघडलं आणि एका बाजूच्या नळ्यांना बुरशी आली. वाचल्या तेवढ्या नळ्या एका थर्माकोलच्या डब्यात घालून ती एसटीनं निघाली. बाळंतिणीच्या घरी माश्या नेणार कशा? म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं उतरली.

"आत्या, एवढ्याच उरल्यात," डबा पोटाशी धरून ती म्हणाली. "ह्या मेल्या तर माझं वर्ष गेलं. अशा माश्या बाजारात मिळत नाहीत."

"देवाची कृपा," हे म्हणाले.

घरभर फिरून तिनं नळ्या ठेवायला देवघराची खोली निवडली. तिथं ऊन येत नाही, एकच लहान खिडकी आहे, आणि दिवसरात्र हिरवा झिरोचा बल्ब जळत असतो. देवांच्या शेजारच्या फळीवर तिनं त्या काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या केल्या. प्रत्येकीच्या तळाशी मक्याच्या पिठाची आणि गुळाची खळ, आत चिलटं, आणि तोंडाला कापसाचा बोळा. "कुणी हात लावू नका," तिनं बजावलं. हात लावणारी मीच निघणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला. "पोरी, मी जिंदगीभर माश्या हाकल्या. आन् तू त्यास्नी गूळ चारती. त्यांच्या डोळ्यात एवढं काय बघायचं हाय?"

पोरीनं बुंदीच्या लाडवांची परात पुढं ओढली. शिकलेल्या माणसाला समजावून सांगायला फळा लागतो, आमच्या पोरीला परात लागते.

"मामा, माशीचा डोळा म्हणजे शेकडो बारक्या डोळ्यांची जाळी," ती म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. "प्रत्येक बारक्या डोळ्यात आठ पेशी उजेड ओळखायचं काम करतात. पण सुरुवातीला ह्या पेशी सगळ्या सारख्याच असतात. कुणी काय व्हायचं ते ठरलेलं नसतं."

"मग ठरवतं कोण?"

"शेजारी. आधी एक पेशी पुढं होते. तिला म्हणतात आठवी."

"पैली आलेली आठवी?"

"शास्त्रज्ञांनी नंबर आधी दिले, कोण आधी येतं ते नंतर कळलं."

"म्हंजी आमच्या शाळेतली हजेरी," ह्यांनी समजून घेतलं.

तिनं मधोमध एक लाडू ठेवला. तो आठवा. आधी त्या जागेसाठी पुष्कळ पेशी धडपडतात, पण एक जरा वरचढ ठरते आणि आजूबाजूच्यांना सांगते, तुम्ही गप्प बसा, इथली आठवी मी. गप्प बसलेल्या मग तिच्या सांगण्यावरून एकेक वेगळं काम धरतात. तिनं आठव्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं लाडू लावले. हा जोड आला, मग हा, मग हा. मला आमची भावकी आठवली. लग्नात माईक कुणी धरायचा यावरून आमच्याकडं असंच होतं, आणि एकानं धरला की बाकीचे आपोआप पंगत वाढायला लागतात.

"आणि सगळ्यात शेवटी सातवी," असं म्हणून तिनं आठव्याला खेटून शेवटचा लाडू ठेवला. "आठवी तिला निरोप देते, तू सातवी हो. हा निरोप हवेतून जात नाही. तो आठवीच्या अंगालाच चिकटलेला असतो, त्यामुळं खेटून बसलेलीलाच पोचतो. आणि तो घ्यायला सातवीच्या अंगावर एक कानासारखी वस्तू लागते. माझ्या माश्यांमध्ये तो कानच नाही."

इथं माझी ट्यूब पेटली. "अगं, हे तर बारसं झालं!"

आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून बाळाच्या कानाला तोंड लावायचं, कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. तोवर मागच्या बाया आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. आत्यानं बाहेर मांडवात उभं राहून स्पीकरवर नाव पुकारलं तर ते चालत नाही. तोंड कानाला लागलं पाहिजे. ह्या पोरीच्या कानात मीच कुर्र केलं होतं, आणि त्या वेळचे गुद्दे थंडीच्या दिवसांत अजून माझ्या पाठीला आठवतात. उद्या गुद्दे खायची वेळ तिची होती.

"अगदी तेच, आत्या!" ती खूश झाली. "आठवी म्हणजे आत्या. सातवी म्हणजे बाळ. आत्या कुर्र करते, पण बाळाला कानच नाही."

"मग त्या बाळाचं काय हुतं? मरतं?" ह्यांचा हात ताटातल्या जिलबीवर थबकला.

"नाही. ती पेशी डोळ्यावरच्या भिंगाच्या कामाला लागते. तिला स्वतःला उजेड कळत नाही. बाकीच्यांना नीट दिसावं म्हणून काच होऊन बसते."

ह्यांनी शांतपणे सातवा लाडू उचलून तोंडात टाकला. "झालं. आता सातवी न्हाईच."

"मामा, खाल्ली गेली नाही हो ती! लाडू व्हायची ती करंजी झाली."

मला लहानपणी शाळामास्तरीण व्हायचं होतं. कुणीतरी शेजारी बसून तसं सांगायला हवं होतं, पण घरात सगळे मोठ्यांच्या कानाला लागलेले, आणि मी मधली. तेव्हा मी काय झाले? तर घरातल्या सगळ्यांच्या गमतीजमती बाकीच्यांना सांगणारी. करंजीच म्हणा. ती पेशी मला फार जवळची वाटली, एवढंच.

"मग त्या माशीला दिसायला कमी काय पडतं?" मी विचारलं.

"सातवी पेशी जांभळ्याच्या पलीकडचा उजेड ओळखते. साध्या माशीला तो फार आवडतो. माझ्या माश्यांना तो कळतच नाही. त्या हिरव्याकडं जातात, असं पुस्तकात आहे. मी काही बघितलं नाही. मी आपली भिंगाखाली डोळे मोजत बसते."

हे सगळं मी नीट ऐकलं. नीट लक्षात ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माती खाल्ली.

झालं असं. बारसं दुपारचं होतं. मी न्हाऊन, काठापदराची साडी नेसून, ओवाळायच्या ताटाची तयारी करत होते. वाती संपलेल्या. वातींचा कापूस मी देवघरात जुन्या काचेच्या बाटल्यांमध्ये ठेवते, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. चष्मा कपाळावर होता. तो तिथं असला की मी समजते मी चष्मा लावलाय. मी फळीवर हात नेला, आणि काय बघते, कापसाचे छान घट्ट, गोल बोळे करून ठेवलेले! मला भरून आलं. म्हटलं, पोरगी पुण्यात शिकायला गेली, माश्यांच्या नादाला लागली, पण आत्याला बारशाच्या दिवशी वाती लागतील हे तिच्या ध्यानात राहिलं. एकेक बोळा उपसून मी पाटावर बसले आणि गाणं म्हणत फुलवाती वळल्या. कापूस जरा गुळाच्या वासाचा होता. मला वाटलं, आजकालचा कापूस.

मग कानाशी बारीक गुणगुण सुरू झाली. मी हातानं झटकलं. पुन्हा गुणगुण. चष्मा खाली ओढून वर बघितलं तर देवांच्या तसबिरींवर, ओटीसाठी आणलेल्या केळ्यांच्या घडावर, जिलबीच्या खोक्यावर, जिकडं तिकडं चिलटं.

मी हाक मारली. एरवी माझी हाक शेजारच्या पेट्रोल पंपापर्यंत जाते. त्या दिवशी ती उंबऱ्यापर्यंत पोचली नाही. तरी पोरगी आली. तिनं रिकाम्या नळ्या बघितल्या, मग माझ्या हातातल्या वाती बघितल्या.

"आत्या." एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. नवी साडी, केसांत गजरा, आणि तोंड असं झालेलं की माझ्याच्यानं बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अगं, पकडू आपण," मी म्हटलं. "इथंच आहेत ना सगळ्या."

"पकडशील गं. पण त्यातल्या माझ्या कुठल्या? तुझ्या केळ्यांवर आधीच गावठी बसलेल्या. दिसायला सगळ्या सारख्या. एकेकीचा डोळा भिंगाखाली घेतल्याशिवाय कळणार नाही, आणि भिंग पुण्यात."

तेवढ्यात भावाचा फोन. तो शिरूरहून माणसं घेऊन कधीच खुटबावला पोचला होता. "आक्का, कुठवर आलात? पोरगं आत्ता जागं हाय. पुन्हा झोपलं की उठायचं न्हाई. आत्याबाईला घेऊन या लवकर."

"निघालोच," मी म्हटलं. निघालोच म्हणजे काय, ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं.

फोनवरचा माझा आवाज ऐकून हे धावत आले. खोलीत माश्या बघितल्या आणि त्यांच्यातला योद्धा जागा झाला. तसेच मागं फिरले आणि हॉटेलातला जांभळा दिवा काखेत मारून आले. पोरगी डोळे पुसत होती, मी तिचे डोळे पुसत होते, तोवर ह्यांनी पिन खोचली, दार लोटलं, खिडकीला गोधडी लावली. "अंधारात भारी चालतो," म्हणाले.

चट्.

"मामा! नको!" पोरगी किंचाळली.

चट्. चट्.

"बंद करा हो तो!" मी ओरडले. हे बटण शोधायला लागले. आयुष्यात त्यांनी तो दिवा कधी बंदच केला नव्हता, बटण कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. चट्.

आणि मग आवाज थांबला. दिवा चालूच होता, पण चट् होईना. पोरगी उठून उभी राहिली. कोपऱ्यातल्या हिरव्या झिरोच्या बल्बभोवती, भिंतीवर, चिलटं बसलेली होती. चांगली दाटीनं. जांभळा दिवा इकडं भकाभका जळत होता आणि त्या त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हत्या.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "त्या जात नाहीयेत."

"कोण?"

"माझ्या. त्यांना तो दिसतच नाही. आत्या, त्यांना सातवी नाही! बघ की, खरंच नाही!" आणि ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. वर्षभर कापून, रंगवून, भिंगाखाली बघितलेली गोष्ट आमच्या देवघराच्या भिंतीवर येऊन बसली होती.

"म्हंजी मेल्या त्या आपल्या गावच्या?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेक."

"अरेरे," हे म्हणाले. पाटसच्या माशीबद्दल त्यांना वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग आमचा कारभार सुरू झाला. माशीवर नळी हलकेच उपडी धरायची. माशी आपोआप वर चढते, म्हणजे नळीच्या तळाकडं जाते, की खालून बोट लावायचं. पोरगी सराईतपणे धरत होती. मी साडीचा काष्टा मारून पाटावर चढले. हे जांभळा दिवा दोन्ही हातांत धरून सिंहासनाशेजारच्या भालदारासारखे उभे राहिले, कारण त्यांना दुसरं काही करायला आम्ही परवानगी दिली नव्हती. एक चुकार माशी त्यांच्या नाकावर बसली. हात आपोआप वर गेला.

"मामा, हलू नका! ती माझी आहे!"

"अगं पर नाकावर हाय!"

"असू द्या नाकावर."

तीस वर्षं माश्या हाकलेला माणूस नाकावर माशी घेऊन पुतळ्यासारखा उभा राहिला. डोळे तिरळे झाले, पण हलला नाही. पोरीनं नाकावर नळी ठेवून ती पकडली. मला त्यांचा फार अभिमान वाटला. बघायला आले होते त्या दिवशी एवढे स्थिर बसले असते तर गोष्ट वेगळी झाली असती, हे वेगळं.

नळ्यांना लावायला कापूस कुठं होता? वातींमध्ये. मी सगळ्या फुलवाती उसवल्या आणि पुन्हा बोळे केले. एक जोडी तेवढी ताटासाठी ठेवली.

गाडीत पोरीच्या मनात नवी भीती आली. "आत्या, मधल्या वेळात माझ्यांचं गावठींशी जमलं असलं तर?"

"म्हंजी पाटसला सोयरीक झाली म्हण की," हे स्टीअरिंगवरून वळले. "चांगली मानसं हायत पाटसची."

ती जरा विचार करून म्हणाली, "तशी फार काळजी नाही. ह्या बाबतीत पोरगे आईवरच जातात. आईला कान नसेल तर पोराला पण नाही. पण आता नीट राहिल्या पाहिजेत. अंडी घातली पाहिजेत."

मग आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, आणि भावाचे फोन सुरू झाले.

खुटबावला पोचलो तेव्हा बाळ पाळण्यात जागंच होतं आणि रडून रडून लाल झालं होतं. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, निघालोच म्हणाला होता ना?" माझ्या केसांत कापूस होता. ह्यांच्या नाकावर नळीच्या तोंडाचा गोल वळ उमटला होता. बाळाच्या मावशीनं विचारलं, "मामांना काय झालं?" हे म्हणाले, "माशी बसली हुती," आणि ते अगदी खरं होतं.

पोरीनं नळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "आत्या, ह्याला सोडू नको. आणि उघडू नको. आणि चष्मा लाव."

ती पाळण्यावर वाकली. बायांनी बाह्या सरसावल्या. तिनं बाळाच्या कानाला तोंड लावलं, कुर्रर्र केलं, आणि पाठीवर धपाधप सुरू झालं. एरवी गुद्दे घालणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढं असते. त्या दिवशी डबा पोटाशी धरून लांब उभी राहिले. बाळानं रडणं थांबवलं आणि डोळे मोठे करून तिच्याकडं बघितलं. कान चांगले असावेत. मग पोरगी पाठ चोळत माझ्याकडं आली आणि पहिला प्रश्न केला, "हलतायत ना गं?"

"हलतायत."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. संध्याकाळी फोन आला. भिंगाखाली बघितल्या, दोन गावठी निघाल्या, बाकी सगळ्या तिच्याच. पण थकल्यात. अंडी घालतील की नाही सांगता येत नाही. घातली नाहीत, तर ह्या माश्यांमागं काहीच उरणार नाही.

त्यानंतर रोज सकाळी हॉटेल उघडताना हे मला विचारायचे, "काय कळलं का?" भावाच्या सुनेच्या बाळंतपणाला एवढं विचारलं नव्हतं. काउंटरवर माशी बसली की फडकं उचलायचे, जरा थांबायचे, आणि मगच मारायचे. फार फरक पडला नाही, पण थांबायचे.

मग एका सकाळी, हॉटेलात ऊसतोडीची माणसं आणि एसटीतून उतरलेली मंडळी गच्च भरलेली असताना, पोरीचा फोन आला. ती ओरडत होती. "आत्या! खळीत आळ्या पडल्या! भरपूर! सगळ्या नळ्यांमध्ये!"

मी कढईपाशी जाऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी झारा खाली ठेवला, जिलबीचं अख्खं ताट उचललं आणि एकेका टेबलावर फुकट वाटत सुटले. बाकावर बसलेल्या एका आप्पांनी जिलबी हातात घेतली, खूश झाले आणि विचारलं, "शेठ, आनंदाची बातमी दिसती. काय झालं? मुलगा का मुलगी?"

"आळ्या," हे अभिमानानं म्हणाले. "भरपूर पडल्यात."

आप्पांचा हात तोंडापाशी गेला होता, तो तिथंच थांबला. शेजारच्या टेबलावरची भज्यांची कुरुमकुरुम थांबली.

त्या दिवशी जिलबी बरीच उरली.